उमेदवार शिपायाची दाद

अकोल्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात कवायत करणाऱ्या आणि अमरावती-अकोल्याच्या मुख्यालयांत पहिली नेमणूक घेणाऱ्या तरुणांत कोरडवाहू शेतकऱ्यांची व शेतमजुरांची मुले पुष्कळ असतात. कपाशीवर घर चालत नाही, म्हणून वर्षानुवर्षे भरतीच्या मैदानावर धावून त्यांनी ही नोकरी मिळविलेली असते. परिविक्षाकाल संपण्यापूर्वीच एखाद्याच्या हाती चार ओळींचा आदेश पडतो : सेवा समाप्त करण्यात येत आहे. त्यात कारण नसते आणि त्यापूर्वी चौकशीही झालेली नसते. मग दाद कोठे मागावी?

कायद्याचे उत्तर चमत्कारिक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 25 खाली शिक्षा झाली, तर कलम 27 अन्वये वरिष्ठांकडे अपील करता येते. परंतु परिविक्षाधीन माणसाची साधी सेवामुक्ती ही शिक्षाच मानली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली धिंग्रा खटल्यात हा भेद घालून दिला, आणि घटनेच्या अनुच्छेद 311 मधील चौकशीचे संरक्षणही अशा सेवामुक्तीला लागू होत नाही. म्हणजे ज्याला बडतर्फ केले त्याला अपील आहे. ज्याला नुसते घरी पाठविले त्याचा मात्र खात्यातील अपिलाचा हक्कच संशयास्पद ठरतो. घरी चूल दोघांचीही विझते.

न्यायालयाने या भेदाचा गैरफायदा मात्र चालू दिलेला नाही. 1981 साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीतील अनूप जयस्वाल या परिविक्षाधीन अधिकाऱ्यास सेवामुक्त करण्यात आले. प्रशिक्षणार्थी व्यायामास उशिरा आले होते आणि त्यात पुढाकार घेतल्याचा ठपका त्याच्यावर होता. आदेशात या ठपक्याचा उल्लेख नव्हता. 1984 साली न्यायालयाने आदेशाचा बुरखा दूर करून त्यामागची शिक्षा पाहिली आणि चौकशीविना दिलेला तो आदेश रद्द केला. आरोप हाच आदेशाचा पाया असेल, तर शब्द कितीही निरुपद्रवी असोत, चौकशी झालीच पाहिजे, हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

चारित्र्य पडताळणीच्या प्रकरणांतही असाच विवेक आवश्यक आहे. गावच्या रास्ता रोकोत नाव गोवले गेले आणि अर्जात त्याची नोंद राहिली, एवढ्यावरून नोकरी जाऊ शकते. 2016 च्या अवतार सिंग निकालाने मात्र तरुणपणी घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक प्रकरणाची माहिती दडविल्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा नियोक्त्यास दिली आहे. ही मुभा योग्य रीतीने वापरली की नाही, हे तपासणारा वरिष्ठ खात्यातच हवा.

शस्त्र हाती देण्यापूर्वी माणूस पारखून घेतला पाहिजे, हा शासनाचा युक्तिवाद खोटा नाही. अपात्र माणूस खात्यात राहू नये. परंतु पात्रतेची पारख आणि आरोपाची शिक्षा या भिन्न गोष्टी आहेत. पारख करावयाची तर उणिवा वेळोवेळी लेखी कळवाव्यात व सुधारण्यास अवधी द्यावा. आरोप असेल तर उत्तर ऐकावे.

आज उरतो तो महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा मार्ग. वऱ्हाडासाठी त्याचे खंडपीठ नागपुरास आहे आणि अर्जाची मुदत सामान्यतः एक वर्षाची आहे. पगार थांबलेल्या तरुणाने वकील करून अकोल्याहून नागपूरच्या खेपा घालाव्यात, आणि न्याय मिळेपर्यंत पुढच्या भरतीची वयोमर्यादा ओलांडावी, यास दाद म्हणणे कठीण आहे. इतर कामगारांस निदान संघटना असते. पोलिसांच्या संघटना-स्वातंत्र्यावर 1966 च्या केंद्रीय कायद्याने बंधने आहेत; 18 ऑगस्ट 1982 च्या मुंबईतील उद्रेकानंतर महाराष्ट्रातील पोलीस संघटनेची मान्यताही गेली. सामुदायिक आवाज काढून घेतल्यावर वैयक्तिक दादही नाकारणे हा दुहेरी अन्याय होय.

यासाठी नवे न्यायालय नको, तिजोरीवर मोठा भारही नको. परिविक्षाधीन कर्मचाऱ्याच्या प्रत्येक सेवामुक्तीची कारणे त्यास लेखी कळवावीत, आदेशापूर्वी म्हणणे ऐकावे, आणि अमरावती परिक्षेत्राच्या प्रमुखांकडे ठरावीक मुदतीत निकाली निघणारे अपील नियमानेच द्यावे. ज्या शिपायाचे म्हणणे त्याच्या खात्याने कधी ऐकले नाही, तो उद्या ठाण्याची पायरी चढणाऱ्या शेतमजुराचे म्हणणे ऐकून घेण्यास कोठून शिकणार?