नाक्यावर उभा केलेला सिनेमा

सिनेमाचे महोत्सव आता उदंड झाले. पुण्यात 2002 पासून आहे. गोव्यात 2004 पासून सरकारचा मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव कायमचा मुक्कामाला आहे. आमच्या बुलडाण्याला त्यातल्या त्यात जवळ म्हणजे घाटाखाली-घाटावर करत गाठायचं संभाजीनगर. तिथे अजिंठा-वेरूळच्या नावाने महोत्सव भरतो. भरू द्या. सिनेमे पाहणाऱ्याला मी कधी नाही म्हणणार नाही. माझं भांडण पडद्याशी नाही, पडद्याच्या बाजूच्या खोलीशी आहे.

त्या बाजूच्या खोलीत दोन कार्यक्रम चालतात. एक परिसंवाद, ज्याला ते पॅनेल म्हणतात. चार-पाच जण खुर्च्यांवर बसून 'स्वतंत्र सिनेमाचं भवितव्य' यावर बोलतात. दुसरं पिचिंग. पिचिंग म्हणजे ज्याच्याजवळ गोष्ट आहे पण पैसा नाही, त्याने ज्यांच्याजवळ पैसा आहे पण गोष्ट नाही, त्यांच्यासमोर उभं राहायचं. पाच-सात मिनिटांत आपली गोष्ट विकायची. पसंत पडली तर पुढचं बोलणं, नाही पडली तर 'ऑल द बेस्ट'.

या धंद्याचा आपल्या देशातला सगळ्यात मोठा बाजार गोव्यातच भरतो. 1975 साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने 2007 साली 'फिल्म बाजार' सुरू केला. 2025 मध्ये त्याचं नाव 'वेव्हज फिल्म बाजार' केलं. तिथे सहनिर्मितीचा बाजार आहे, पटकथा लिहिणाऱ्यांची कार्यशाळा आहे, अर्ध्या झालेल्या सिनेमांना सल्ला द्यायची सोय आहे. 'द लंचबॉक्स' हा 2013 चा सिनेमा याच बाजारातून पुढे गेला. म्हणजे काम होतं, हे मी मान्य करतो. मी आंधळा विरोध करत नाही. मी विचारतो ते एवढंच, की काम कोणाचं होतं आणि कोणाला दारातच हजेरी नाकारली जाते?

मी गोदीत हमाली करतो. मॅट्रिक झालो, कविता करतो, आणि ठेकेदाराच्या हाताखाली पाठीवर माल वाहतो. म्हणून मला हे पिचिंग पाहिल्याबरोबर ओळखीचं वाटलं. मुंबईच्या गोदीत स्वातंत्र्याच्या आधी भरती कशी व्हायची, हे जुन्या माणसांना विचारा. सकाळी गेटवर शेकडो माणसं उभी राहायची. टोळीवाला यायचा. तू ये, तू ये, तू जा. कोणाचा दंड पाहून, कोणाची ओळख पाहून, कोणाची जात-गाव पाहून, कोणाच्या हातातली नोट पाहून. ज्याला बोलावलं त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची. बाकीचे उपाशी परत. त्या गेटवरच्या उभं राहण्याला कोणी 'संधी' म्हटलं नाही. त्याला जुलूम म्हटलं.

तो जुलूम कसा मोडला? कामगारांनी गेटवर जास्त चांगलं उभं राहायला शिकून नाही मोडला. 'टोळीवाल्यासमोर छाती कशी पुढे काढावी' याची कार्यशाळा कोणी घेतली नाही. पी. डिमेलोसारख्या माणसांनी युनियन बांधल्या. 1948 साली गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला. 1951 साली मुंबईसाठी योजना आली. कामगारांची नोंदणी झाली. पाळीपाळीने काम वाटायचं ठरलं. आणि हजर राहूनही काम नाही मिळालं तर हजेरीचे पैसे. टोळीवाल्याच्या मर्जीच्या जागी रजिस्टर आलं. पुढे 1994 साली गोदी कामगार मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, आणि आज माझ्यासारखा पोरगा पुन्हा ठेकेदाराच्या तोंडाकडे पाहत उभा आहे, ती गोष्ट वेगळी. पण धडा तोच. मर्जी मोडायची तर नियम लागतो.

सिनेमाच्या गेटवर अजून टोळीवालाच आहे. फक्त त्याच्या गळ्यात ओळखपत्र आहे.

आता एक ताजा नमुना सांगतो. शेगाव तालुक्यातला माझा एक दोस्त. 2025 च्या जानेवारीत त्याच्या तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस अचानक गळायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोरी, लहान लेकरं. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्या आठवड्यात सगळ्या देशाचे कॅमेरे शेगावात आले. टकलांचे फोटो काढले, 'टक्कल व्हायरस' म्हणून दात काढले, आणि गेले. पोरींनी डोक्याला बांधलेले रुमाल कॅमेऱ्याला दिसले. रेशनच्या दुकानासमोरची रांग नाही दिसली. तेच धान्य खाल्ल्याशिवाय ज्यांना पर्याय नाही, ते कोण, हे दिसलं नाही.

माझ्या दोस्ताला ते दिसलं, कारण तो त्याच रांगेत उभा राहतो. त्याने रुमाल बांधून कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीची गोष्ट लिहिली. चाळीस पानं, वहीत, वऱ्हाडीत. एका महोत्सवात पिचिंग होतं, तिथे त्याचा अर्ज लागला. महोत्सवाचं नाव घेत नाही, कारण हे एकाचं पाप नाही. मी सुट्टी टाकून त्याच्यासोबत गेलो. एसटीचं भाडं, लॉजचं भाडं, नोंदणीची फी, आणि माझी दोन दिवसांची बुडालेली हजेरी. पिचिंग सुरू व्हायच्या आधीच आमचा खिसा पिचला.

आत पाच जण बसलेले. एकाने सांगितलं, इंग्रजीत बोला, परदेशी पाहुणे आहेत. दोस्त म्हणाला, "मले मराठीत सांगू द्या, मंग कोणी समजावून सांगा त्यायले." हसू पसरलं. दुसऱ्याने विचारलं, एका ओळीत गोष्ट काय? तिसऱ्याने विचारलं, ओळखीचा चेहरा कोण घेणार? चौथ्याने विचारलं, याच्यात आशा कुठे आहे? पाचवा सगळ्यात गोड. तो म्हणाला, विषय चांगला आहे, पण दलित विषय अलीकडे बरेच आलेत, मार्केट भरलंय.

बाहेर आल्यावर दोस्त म्हणाला, "काहून बे, मी त्यायले गहू विकाले गेल्तो का?"

ऐका, हे 'मार्केट भरलंय' नीट ऐका. शंभर वर्षं वाड्यातल्या सासू-सुनांचं रडणं चाललं, तेव्हा मार्केट भरलं नाही. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' 2013 साली आला, 'सैराट' 2016 साली आला, आणि एवढ्यात मार्केट भरलं! मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट नगरच्या कॉलेजात शिकता शिकता केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट'ने मराठी सिनेमाच्या कमाईचे सगळे आकडे मोडले. म्हणजे आमच्या गोष्टीला प्रेक्षक नाही, हे खोटं. प्रेक्षक तिकीटबारीवर रांग लावून उभा असतो. अडतं ते त्याच्या आधी, त्या पाच खुर्च्यांपाशी.

आमचा चेहरा मात्र चालतो. 'कोर्ट' 2014 साली व्हेनिसला दोन पारितोषिकं घेऊन आला. त्यातला शाहीर नारायण कांबळे ज्यांनी उभा केला, ते वीरा साथीदार आपल्या नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. 2021 साली कोरोनाने त्यांना नेलं. सिनेमा चांगला आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझा सवाल बाजाराला आहे. आमचा शाहीर पडद्यावर चालतो, आमची वस्ती लोकेशन म्हणून चालते, आमचं मरण विषय म्हणून चालतं, मग पैसे कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या टेबलावर आमची सही का चालत नाही? मल्याळम सिनेमाची पहिली नायिका पी. के. रोझी. दलित बाईने पडद्यावर नायर बाई उभी केली म्हणून तिला लोकांनी हाकलून लावलं. तेव्हा दगड होते. आता प्रश्नावली आहे.

आणि पॅनेलवर काय होतं, तेही पाहा. केरळ सरकारने आपल्या चित्रपट विकास महामंडळातर्फे अनुसूचित जाती-जमातीच्या आणि महिला दिग्दर्शकांसाठी योजना काढली, एका सिनेमाला दीड कोटीपर्यंत. 2025 च्या ऑगस्टमध्ये तिरुवनंतपुरमला सिनेमा धोरणावर परिषद भरली. समारोपाला अडूर गोपालकृष्णन बोलले. मोठा दिग्दर्शक, देशाला ठाऊक माणूस. ते म्हणाले, या लोकांना आधी तीन महिने कसून शिकवा, आणि एकाला दीड कोटी देण्याऐवजी तिघांना 50-50 लाख वाटा. सभेतून पुष्पावती या गायिकेने उठून विरोध केला. मंत्र्यांनी योजनेची बाजू घेतली. देशभर वाद झाला.

मला अडूर यांच्या हेतूची चिरफाड करायची नाही. पण तर्क तपासू या. शिक्षण वाईट नाही. आम्ही तर 'शिका' हाच मंत्र घेऊन वाढलो. पण शिक्षणाची अट सगळ्यांना लावा ना! बापाच्या पैशावर पहिला सिनेमा काढणाऱ्याला कोणी विचारतं, की तीन महिने कुठे शिकलास? त्याचा सिनेमा पडला तर म्हणतात, धंद्यात होतं असं. आमचा पडला तर म्हणतील, बघा, म्हटलं नव्हतं! त्याच्या चुकीला भांडवल म्हणतात, आमच्या चुकीला जात म्हणतात. पैसा आधी आणि परीक्षा नंतर हा त्याचा हक्क, परीक्षा आधी आणि पैसा एक तृतीयांश हा आमचा वाटा. हीच ती टोळीवाल्याची नजर. दंड पाहून ठरवतो, वजन उचलून पाहू देत नाही.

महाराष्ट्रात तरी काय वेगळं? मराठी सिनेमाला सरकारी अनुदान आहे. पण ते सिनेमा तयार झाल्यावर, तपासणी होऊन, दर्जा ठरल्यावर. म्हणजे आधी घाला, मग घ्या. ज्याच्याजवळ घालायलाच नाही, त्याच्यासाठी ते अनुदान म्हणजे विहिरीच्या तळाला ठेवलेली भाकर.

मग करायचं काय? नुसती बोंब मारून चालणार नाही. दोन कामं एका वेळी करावी लागतील.

पहिलं, नियमासाठी भांडायचं. निवड करणाऱ्या टेबलावर दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्तांची माणसं बसली पाहिजेत, शोभेला एक नाही, निर्णयाला पुरेल इतकी. पिचिंग मराठीत, वऱ्हाडीत, ज्याच्या-त्याच्या बोलीत झालं पाहिजे, दुभाषा महोत्सवाने आणायचा. बोलावलेल्याची फी माफ, प्रवास आणि बुडालेली मजुरी महोत्सवाने द्यायची. गोदीत हजेरीचे पैसे मिळाले, तर लिहिणाऱ्याला लिहिण्याच्या महिन्यांचे का नाही? आणि केरळसारखी योजना महाराष्ट्रात आली पाहिजे. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव उठता-बसता घेणाऱ्या राज्याने ती सगळ्यात आधी काढायला हवी होती.

दुसरं, गेटवरच उभं राहायचं नाही. 1976 साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूधवाल्या शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांवर उभा राहिला. दहा लाख रुपये झाले. तोच सिनेमा 2024 साली नवा करून कानला दाखवला. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या साथीदारांनी 1984 साली 'ओडेसा' नावाचं मंडळ काढलं. गावोगाव चॅप्लिनचा सिनेमा दाखवायचा, लोकांकडून पैसे गोळा करायचे. त्या पैशांतून 1986 साली 'अम्मा अरियन' झाला. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' रमाबाई नगरच्या 1997 च्या गोळीबारापासून सुरू झाला, 2011 साली पूर्ण झाला, आणि वस्त्यावस्त्यांत उघड्यावर पडदा बांधून दाखवला. आपल्याला हे नवीन नाही. भीमराव कर्डक यांचा जलसा कोणत्या पॅनेलला विचारून निघाला होता?

बुलडाणा जिल्ह्याचा हिशेब मांडतो. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 25 लाख 86 हजार. त्यात अनुसूचित जाती 18 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेचार लाखांहून जास्त. त्यातल्या एक लाख माणसांनी 20-20 रुपये दिले तर 20 लाख होतात. एका चहा-नाश्त्याचे पैसे. 14 एप्रिलच्या वर्गणीत डीजेवर याहून जास्त उडतात, हे कडू आहे, पण खरं आहे. मेहकर, लोणार, चिखली, खामगाव, मलकापूर, प्रत्येक तालुक्यात पडदा बांधा. आधी चांगले सिनेमे दाखवा. मग ज्याच्याजवळ गोष्ट आहे त्याला विहाराच्या ओट्यावर उभा करा. हेही पिचिंगच. पण इथे समोर पाच जण नसतील, पाचशे असतील. ते 'आशा कुठे आहे' विचारणार नाहीत. ते विचारतील, खरं सांगतोस का? आणि हिशेबाची वही दर महिन्याला भिंतीवर लागली पाहिजे, नाहीतर आपल्यातही मुकादम तयार व्हायला वेळ लागत नाही.

वर्गणीच्या सिनेमाने सरकार सुटत नाही. सरकारच्या तिजोरीत रेशनच्या रांगेतल्या माणसाचाही पैसा आहे. काडेपेटीवरचा कर तो भरतो. तेव्हा महोत्सवाची खुर्ची हा उपकार नाही, वाटा आहे, आणि वाटा मागायचा नसतो, मोजून घ्यायचा असतो.

शेगावचा माझा दोस्त आता मोबाईलवर शूटिंग करून रायला. तुमच्या गावात पडदा, प्रोजेक्टर, वायर, जे काही असेल ते काढून ठेवा. आम्ही येतो.

जय भीम.