एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडं

दुसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर लागला, की वर्गाच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, ‘लिनक्स कुठे टाकलंस?’ कुणी सांगतं, ड्युअल बूट कर. कुणी म्हणतं, विंडोज उडव आणि सरळ उबुंटू टाक. मग कुणीतरी टेलिग्रामची लिंक टाकतं, ‘व्हीएमवेअर फुल व्हर्जन, क्रॅकसकट’. सल्ले तीन, पण समोरच्याच्या लॅपटॉपला रॅम किती, हे एकानेही विचारलेलं नसतं.

आणि तो लॅपटॉप बऱ्याचदा घरातला एकुलता एक असतो. हप्ते अजून चालू असतात. त्यावरच भावाचे लेक्चर्स, आईची ऑनलाइन बिलं आणि आपला प्रोजेक्ट. पार्टिशन करताना एक क्लिक चुकीची पडली तर सगळंच जायचं. या धास्तीने अनेक जण लिनक्सला लॅबच्या दोन तासांपुरतंच भेटतात. व्हायवाला कमांड पाठ असतात, पण बिघडलेली सिस्टिम एकदाही स्वतः दुरुस्त केलेली नसते. आमच्या मते खरं नुकसान इथे आहे. मशीन मोडण्याची भीती असेल, तर मशीन शिकता येत नाही.

व्हर्च्युअल मशीन नेमकी हीच भीती काढून घेतं. तुमची मूळ सिस्टिम घरमालक. तिच्या आत हार्ड डिस्कवरच्या एका मोठ्या फाइलमध्ये दुसरी सिस्टिम पाहुणी म्हणून राहते. पाहुणीला वाटतं, अख्खं घर आपलंच. तिने आत काहीही तोडफोड केली तरी घरमालकाच्या फाइल्स शाबूत राहतात. काही धोक्याचं करून बघण्याआधी ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवायचा. बिघडलं तर दोन क्लिकमध्ये मागे. कल्पना नवी नाही. एकच महागडा मेनफ्रेम अनेकांना वापरता यावा म्हणून आयबीएमने १९६० च्या दशकात यावर काम सुरू केलं, १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणलं. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने वर्कस्टेशन आणलं आणि तीच सोय साध्या पीसीवर आली.

आता मुद्द्याचं. ‘बेस्ट कोणतं?’ हा प्रश्नच सोडून द्या. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा.

पहिला, प्रोसेसर कोणता? इंटेल किंवा एएमडी असेल तर जवळपास सगळे पर्याय खुले आहेत. फक्त टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ एनेबल्ड आहे का ते बघा. नसेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करायचं. तिथे इंटेलसाठी व्हीटी-एक्स आणि एएमडीसाठी एसव्हीएम असं काहीसं नाव दिसेल. ॲपलची एम मालिकेतली चिप असेल तर गणित वेगळं. तिथे एआरएमसाठी बनवलेलीच सिस्टिम नीट चालते. नेहमीच्या इंटेलवाल्या उबुंटूची आयएसओ फाइल तिथे चालवत बसलात तर संध्याकाळ वाया जाईल.

दुसरा, रॅम किती? पाहुणीला एकूण रॅमच्या निम्म्याहून जास्त देऊ नका, नाहीतर दोन्ही बिऱ्हाडं उपाशी राहतील. आठ जीबी असेल तर दोन-तीन जीबीवर भागणारं लुबुंटू किंवा झुबुंटू घ्या. सोळा असेल तर साधं उबुंटू आरामात चालेल. आणि एसएसडी नसेल तर थोडा धीर धरा.

तिसरा, करायचंय काय? फक्त टर्मिनल, जीसीसी, पायथन आणि शेल स्क्रिप्ट एवढंच असेल तर अख्ख्या मशीनची गरजच नाही. विंडोजमधलंच डब्ल्यूएसएल पुरतं आणि ते मोफत आहे. पण सिस्टिम बूट कशी होते, डिस्कचे भाग कसे पाडतात, नेटवर्क कसं जोडतात हे बघायचं असेल तर पूर्ण व्हर्च्युअल मशीनच हवं. सायबर सिक्युरिटीवाल्यांना तर हवंच. एका मशीनवर काली, दुसऱ्यावर मुद्दाम कच्च्या सुरक्षेचं मेटास्प्लॉइटेबल आणि दोघांमध्ये बाहेरच्या जगाशी न जोडलेलं अंतर्गत नेटवर्क. सराव तिथेच करा, हॉस्टेलच्या वायफायवर नको. उलट गेमिंग किंवा ग्राफिक्स कार्डावर चालणारं मशीन लर्निंग करायचं असेल, तर व्हर्च्युअल मशीनचा हट्ट धरू नका. तिथे ड्युअल बूटच बरं. फक्त आधी बॅकअप घ्या.

उत्तरं मिळाली की निवड सोपी आहे. विंडोजवर सुरुवात करणाऱ्याने व्हर्च्युअलबॉक्स घ्यावं. त्याचा मूळ भाग मुक्त-स्रोत आहे आणि अडलं तर मदत करणारे वर्गातच सापडतात. ते चालवताना खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर समजा, विंडोजचं हायपर-व्ही मध्ये आलंय आणि म्हणून सगळं रखडतंय. हायपर-व्ही स्वतःही चांगलं आहे, पण ते विंडोज प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये मिळतं. होममध्ये नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या लॅपटॉपवर होमच असतं. ग्राफिक्स जरा गुळगुळीत हवे असतील तर व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो बघा. लिनक्सवर असाल तर बाहेरून काही शोधायची गरज नाही. केव्हीएम २००७ पासून कर्नलमध्येच आहे, त्यावर व्हर्ट-मॅनेजर किंवा ग्नोम बॉक्सेस टाकलं की झालं. एम चिपच्या मॅकवर यूटीएम घ्या, त्यांच्या वेबसाइटवर ते मोफत मिळतं.

आता त्या टेलिग्रामच्या लिंकबद्दल. वर्कस्टेशन प्रो मे २०२४ मध्ये वैयक्तिक वापरासाठी मोफत झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठीच. नोंदणी करावी लागते, पण पैसे लागत नाहीत. म्हणजे जी गोष्ट फुकट मिळते, तीच आपण चोरून घेतोय! त्यात हे सॉफ्टवेअर साधं नाही. ते कर्नलमध्ये ड्रायव्हर टाकतं, म्हणजे मशीनच्या सगळ्यात आतल्या खोलीची किल्ली घेतं. अनोळखी माणसाने फेरफार केलेली फाइल त्या खोलीत सोडायची, आणि त्याच लॅपटॉपवर आईने बँकेचा पासवर्ड टाकायचा. हा व्यवहार परवडणारा नाही. हो, आत विंडोज टाकणार असाल तर त्याचा परवाना वेगळा लागतो. शिकण्यापुरती मायक्रोसॉफ्टची एंटरप्राइजची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती आहे.

ब्रँडच्या फार प्रेमात पडू नका, हेही सांगायला हवं. व्हर्च्युअलबॉक्स जर्मनीच्या इनोटेककडून २००८ मध्ये सनकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं. व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली. मालक बदलला की नियम बदलतात. आज मोफत आहे ते उद्या असेलच असं नाही. म्हणून आपला कोड व्हर्च्युअल मशीनच्या आतच अडकवून ठेवू नका, गिटवर टाका. मशीन ‘ओव्हीए’ फाइल म्हणून एक्सपोर्ट करायला शिका, म्हणजे बिऱ्हाड हलवता येईल. आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्कच गेली तर स्नॅपशॉटही तिच्यासोबत जातो.

कॉलेजांकडेही एक मागणी आहे. प्रॅक्टिकलच्या सूचनांमध्ये सॉफ्टवेअरचं नाव लिहिण्यापेक्षा काय चालून दिसलं पाहिजे, ते लिहा. पाच-सहा जीबीची आयएसओ प्रत्येकाला मोबाइल डेटावर उतरवायला लावण्याऐवजी लॅबच्या सर्व्हरवर ठेवा आणि पेनड्राइव्हवर घेऊन जाऊ द्या. लॅबच्या पीसींमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर एकदा चालू करून घ्या. यातल्या कशालाही नवीन बजेट लागत नाही. ज्याच्याकडे आठ जीबीचा जुना लॅपटॉप आहे, त्याला मात्र एवढ्यानेच बरोबरीने उभं राहता येईल.

बाकी तुमच्या हातात आहे. येत्या सुट्टीत एक व्हर्च्युअल मशीन उभं करा, स्नॅपशॉट घ्या आणि मग ते बिनधास्त मोडा. नको ती फाइल उडवा, बूटलोडर बिघडवा, नेटवर्क बंद पाडा. मग स्नॅपशॉटकडे न वळता ते दुरुस्त करून बघा. व्हायवाला सर काय विचारतील याची काळजी तेव्हा आपोआप कमी झालेली असेल.