जळजळ खरी, रिपोर्ट ‘नॉर्मल’

आपल्या सीमाभागातल्या वाचकांना देवास हे गाव परके नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच आपले कुमार गंधर्व, क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये तिथे गेले आणि तिथलेच झाले. देवास आणि धार ही दोन्ही पवारांची संस्थाने. त्यामुळे अठराव्या शतकापासून माळव्यात मराठी घरे नांदत आहेत. आपल्या घरात जसे एक वाक्य मराठीत आणि दुसरे कन्नडात येते, तशी त्यांच्या मराठीत हिंदी आणि माळवी मिसळते.

दुखण्यांची नावेही अशीच मिसळतात. आपल्याकडे आजी ‘घशाशी येतंय’ म्हणते, काकू ‘एदेउरी’ म्हणते. देवासला ‘खट्टी डकार’ म्हणतात. आणि तिन्ही भाषांतले घरगुती निदान एकच, पित्त! भाषा शिकवणारा म्हणून मला या शब्दाचे कौतुक वाटते, पण दवाखान्यात तो घोटाळा करतो. पित्त तयार होते यकृतात; छातीत जळजळ करते ते बहुतेक वेळा जठरातले आम्ल. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली स्नायूंची झडप ढिली पडली की हे आम्ल वर चढते. हे वरचेवर होऊन त्रास देऊ लागले, की डॉक्टर त्याला रिफ्लक्सचा आजार किंवा जीईआरडी म्हणतात.

देवासला आमच्या नात्यातल्या एक आत्याबाई आहेत. रविवारी दाल-बाफले झाले, की रात्री त्या उशीला टेकून बसून राहायच्या. घरच्यांनी अखेर इंदूरला नेऊन एंडोस्कोपी केली. रिपोर्ट आला ‘नॉर्मल’. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण आत्याबाईंची जळजळ तशीच राहिली. वर घरात कुजबुज सुरू झाली, ‘काही नाही हो, मनाचे खेळ आहेत.’ असे आपल्या घरांतही घडते, आणि बहुधा घरातल्या बायकांच्याच वाट्याला येते.

म्हणून ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. साध्या एंडोस्कोपीत पांढऱ्या प्रकाशात अन्ननलिकेचे अस्तर पाहतात. तिथे ओरखडे किंवा जखमा दिसल्या, तर त्यांना ए ते डी अशा चार श्रेणी देतात. पण जळजळीचा त्रास असणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांत अशा जखमा दिसतच नाहीत. शिवाय पुष्कळजण आधी महिनाभर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेऊन मग तपासणीला जातात. तोवर असलेली जखमही भरून आलेली असते. निदानासाठी एंडोस्कोपी करायची असेल, तर या गोळ्या दोन ते चार आठवडे आधी थांबवणे चांगले, असे अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांची २०२२ ची मार्गदर्शक सूचना सांगते. अर्थात, हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

आता अनेक मोठ्या शहरांत एंडोस्कोपीच्या यंत्रात आणखी एक सोय असते, नॅरो बँड इमेजिंग, थोडक्यात एनबीआय. डॉक्टर एक बटण दाबतात आणि पांढऱ्या प्रकाशाऐवजी निळ्या व हिरव्या रंगाचे दोन अरुंद पट्टेच आत पडतात. रक्त हे दोन रंग शोषून घेते. त्यामुळे अस्तराच्या वरच्या थरातल्या केसासारख्या रक्तवाहिन्या तपकिरी रंगात उठून दिसतात. वेगळी नळी नाही, इंजेक्शन नाही, अंगात रंग सोडणे नाही.

अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे डॉ. प्रतीक शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये रिफ्लक्सचे ५० रुग्ण आणि हा आजार नसलेले ३० जण या प्रकाशात तपासले. रुग्णांमध्ये या सूक्ष्म रक्तवाहिन्या संख्येने जास्त, फुगलेल्या आणि वेड्यावाकड्या असल्याचे अधिक प्रमाणात आढळले. साध्या प्रकाशात न दिसणारे बारीक ओरखडेही काहींत दिसले. वर्षानुवर्षांच्या आम्लाने अस्तराचा पोतच बदलला असेल, तर तुकडा नेमका कुठून काढायचा हे ठरवायलाही एनबीआयची मदत होते. अशा बदलाला बॅरेट म्हणतात, आणि त्यातून क्वचित कर्करोग उद्भवू शकतो.

मात्र हा प्रकाश म्हणजे शेवटचा निवाडा नव्हे. ते चित्र वाचणे पाहणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असते. रिफ्लक्सच्या निदानासाठी तज्ज्ञांनी जे निकष ठरवले आहेत, त्यांत केवळ एनबीआयच्या चित्रावरून आजार पक्का धरत नाहीत. शंका उरली, तर नाकातून बारीक नळी घालून २४ तास आम्ल मोजतात. एकूण वेळेच्या सहा टक्क्यांहून जास्त वेळ अन्ननलिकेत आम्ल आढळले, तर निदान पक्के. चार टक्क्यांच्या आत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायचे. तेव्हा ‘भारीतली एंडोस्कोपी करा’ असा हट्ट धरण्यापेक्षा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, पण त्रास थांबलेला नाही, पुढे काय?’ हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

प्रत्येक आंबट ढेकरेसाठी नळी घालायची गरज नाही. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर, पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच, डाव्या कुशीवर झोपणे, वजनावर लक्ष आणि तंबाखूला रजा, एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो. मग दाल-बाफले असोत की आपली मिरची भजी, ती दुपारी आणि बेताने खावीत.

पण घास अडकू लागला, वजन उतरले, रक्ताची उलटी झाली, शौचाला काळे झाले किंवा रक्त कमी झाले, तर सोडा आणि आवळासुपारीवर दिवस काढू नयेत, लगेच डॉक्टर गाठावा. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल आणि घाम फुटत असेल, तर ‘पित्त असेल’ म्हणून थांबू नये. आधी ईसीजी काढावा, पित्ताचे नंतर पाहता येईल.

आणि घरातले कोणी पुन्हापुन्हा जळजळतंय म्हणत असेल, तर कागदावर काय लिहिले आहे ते वाचण्याआधी त्या माणसाचे नीट ऐकून घ्यावे. डॉक्टरसुद्धा निदानाची सुरुवात तिथूनच करतात.