वाचलेल्यांचा विसर

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून सुमारे 35 सागरी मैलांवर 'पी-305' ही बार्ज बुडाली. तिच्यावर 261 जण होते. तेलक्षेत्रातल्या कामासाठी देशभरातून आलेले वेल्डर, फिटर, हेल्पर. लाइफ जॅकेटच्या आधाराने, एकमेकांचे हात धरून ते तासन्‌तास लाटांशी झुंजले. 'आयएनएस कोची', 'आयएनएस कोलकाता' आदी युद्धनौकांनी 186 जणांना वाचवले. अनेक मृतांची ओळख डीएनए चाचणीनेच पटली. पुढे गुन्हा नोंदला गेला, चौकशी समिती नेमली गेली. वाचलेले गावी परतल्यावर कसे जगतात, याची चौकशी करण्याचे काम मात्र कोणत्याही समितीकडे नव्हते.

पाण्यातून बाहेर काढले म्हणजे माणूस वाचला, असे नसते. बराच वेळ पाण्यात राहिलेल्याला एकदम उभे उचलले तर रक्तदाब कोसळून तो नौकेवरच दगावू शकतो. म्हणून त्याला शक्यतो आडवे ठेवूनच वर घेतात. फुप्फुसात पाणी गेले असेल तर त्रास काही तासांनीही उफाळतो. भूमध्य समुद्रातल्या स्थलांतरितांच्या रबरी होड्यांत तळाशी बसलेल्या बायकांना तर सांडलेले पेट्रोल आणि खारे पाणी मिसळून कमरेखाली गंभीर भाजते. 2014 पासून त्या समुद्राने 30 हजारांहून अधिक स्थलांतरितांचा बळी घेतला आहे.

या जखमा दिसतात, त्यांवर मलमपट्टी होते. धसका दिसत नाही. झोपेतून किंचाळत उठणे, पाण्याच्या आवाजाने दचकणे, सोबतचा गेला आणि आपण का राहिलो या विचाराने घास न उतरणे, हे महिनाभरानंतरही सुरू राहिले तर तो उपचार मागणारा आजार असतो. गावात त्याला 'बाहेरची बाधा' म्हणतात आणि उतारा टाकतात.

परभणीला समुद्रकिनारा नाही, पण पोटामागे घर सोडणे या जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेले आहे. दसरा-दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत ताप अंगावर काढायचा, मनाचे दुखणे तर कुणापुढे काढायचेच नाही. बार्जवरून वाचलेल्या कंत्राटी कामगाराची कोंडीही याच जातीची आहे. कर्ज आणि घरखर्च थांबत नाहीत. ज्या कामाने धसका दिला, त्याच कामावर पुन्हा जावे लागते.

म्हणून सुटकेची जबाबदारी बंदरावर संपता कामा नये. उपचाराच्या काळातला पगार कंत्राटदाराने दिलाच पाहिजे. वाचलेल्यांची यादी त्यांच्या जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे गेली पाहिजे आणि आशाताईंमार्फत किमान सहा महिने त्यांची विचारपूस झाली पाहिजे. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचाराची सेवा तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ठरलेल्या वारी पोहोचावी. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो. तो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि प्रत्येक मुकादमाच्या वहीत असावा.

तुमच्या गावात अशा संकटातून वाचून कुणी परतला असेल, तर त्या प्रसंगाची हकिकत खोदून विचारू नका. जेवलास का, झोप लागते का, एवढे विचारा. महिना उलटूनही झोप येत नसेल, तर त्याच्यासोबत दवाखान्यात जा.