भट्टी बदलायची, पण भांडवल कोणी द्यायचे?

मुंबईचा पाव महाग होणार की काय, ही चर्चा २०२५ साली घरोघरी झाली. निमित्त होते ९ जानेवारी २०२५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाचे. लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांच्या आत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे न्यायालयाने सांगितले आणि महानगरपालिकेच्या नोटिसा गल्लोगल्ली पोहोचल्या. आदेशामागचे कारण खोटे नव्हते. अनेक भट्ट्यांत जळाऊ लाकडाबरोबर मोडक्या फर्निचरचे व प्लायवूडचे तुकडेही जातात, कारण ते स्वस्त पडतात. त्यांचा रंग आणि डिंक जळून जो धूर होतो तो आधी भट्टीसमोरच्या कारागिराच्या छातीत जातो, मग शेजारच्या चाळीत. तेव्हा भट्टी बदलावी की नाही, याबद्दल आमचा वाद नाही. ती बदलायला पैसा कोठून आणायचा, एवढाच आमचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ना नोटिशीत होते ना नोटीस देणाऱ्यांजवळ.

हा धंदा बाहेरून दिसतो तसा रोखीचा नाही. संध्याकाळी पीठ मळले जाते, रात्री खमीर चढते, पहाटे लाद्या निघतात आणि सायकलवाले त्या वडापावच्या गाड्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर आणि हॉटेलांत पोहोचवतात. हॉटेलवाला हिशेब आठवड्याने करतो, कधी पंधरवड्याने. मैदावाला व्यापारी मात्र एका मर्यादेपलीकडे थांबत नाही. या दोन तारखांच्या मध्ये बेकरीवाल्याचा श्वास अडकलेला असतो. त्यात जागा बहुधा पागडीची किंवा भाड्याची, कारागीर दूरच्या गावाहून आलेले आणि पुष्कळदा पोटमाळ्यावरच राहणारे. गॅसची जोडणी घ्यायची तर घरमालकाची संमती हवी. विजेचा ओव्हन घ्यायचा तर जोडभार वाढवून हवा. आणि जुनी विटांची भट्टी पाडायची म्हणजे काही दिवस धंदा बंद. त्या दिवसांत तुटलेले गिऱ्हाईक परत येईलच, असे नाही.

बँकेकडे गेले तर बँक कागद मागते. साधा पाव जीएसटीतून मुक्त आहे, म्हणून केवळ पाव विकणाऱ्याला नोंदणी करावी लागत नाही. सवलत म्हणून हे चांगलेच. पण विवरणपत्रे नाहीत म्हणजे बँकेच्या लेखी उलाढालही नाही. शिवाय नव्या ओव्हनवर भरलेला जीएसटी त्याला वळता करून मिळत नाही, ते वेगळेच. सरकारी योजना नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. २०१५ साली सुरू झालेली मुद्रा योजना तारणाविना कर्ज देण्यासाठीच आहे. २०२० साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जी योजना आणली, तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अनुदान ठरले. पण अनुदान कर्जाला जोडलेले. कर्जच मंजूर झाले नाही तर अनुदान कशावर मिळणार?

आता थोडा हिशेब करू. समजा, एक बेकरी रोज चार हजार पाव काढते आणि तिला ओव्हन, जोडणी व दुरुस्ती मिळून सहा लाख रुपये लागतात. ही रक्कम बिनव्याजी मिळाली आणि चार वर्षांत फेडायची ठरली, तर महिन्याला साडेबारा हजार, म्हणजे पावामागे सुमारे दहा पैसे पडतात. बँकेने बारा टक्क्यांनी दिली तर हप्ता साधारण पंधरा हजार आठशे, पावामागे तेरा पैसे. आणि ना बँक ना पतसंस्था, म्हणून सावकाराकडून दरमहा शेकडा पाचने घेतली तर नुसते व्याजच तीस हजार, पावामागे पंचवीस पैसे, आणि मुद्दल होते तेथेच. आमच्या समाजात व्याजाचा विचार निघाला की चर्चा तेथेच अडते. पण वरचे आकडे पाहा. दहा आणि तेरातला फरक बेकरीवाला सोसू शकेल. त्याला मारतो तो पंचवीसचा आकडा. व्याज टाळण्याची ज्याची धारणा आहे त्याला बिनव्याजी दार उघडे हवेच. परंतु ते दार वेळेवर उघडले नाही तर तो माणूस सगळ्यात जबर व्याजाच्या दारी जाऊन उभा राहतो, हे आमच्या संस्थाचालकांनी ध्यानात घ्यावे.

लघुवित्त कंपन्यांवर आमचा फारसा भरवसा नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे लघुवित्त कर्ज म्हणजे वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज. त्यातून पाववाल्याची सायकल होईल, घरी नानखटाई करणाऱ्या बाईचे साहित्य येईल, पण ओव्हन येणार नाही. आणि आठवड्याच्या वसुलीचा तगादा कोठवर जातो, हे २०१० साली आंध्र प्रदेशाने पाहिले आहे.

मग राहते सहकाराची वाट. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासूनचा आहे. बिनव्याजी पतसंस्था उभ्या करण्यासाठी सहुलत ही संस्था २०१० साली दिल्लीत स्थापन झाली. आमच्याकडेही बैतुलमाल आणि पतसंस्था ठिकठिकाणी आहेत. पण त्यांचे कर्ज बहुधा लग्न, आजारपण नाहीतर दागिन्यांवर. धंद्याला, त्यातही यंत्राला कर्ज देण्याची सवय नाही. आमची सूचना अशी की पतसंस्थेने रोख रक्कम हातात देऊच नये. ओव्हन संस्थेने आपल्या नावे घ्यावा, बेकरीवाल्याला भाड्याने द्यावा आणि ठरलेली रक्कम फिटली की तो त्याच्या नावे करावा. तारणाचा प्रश्न त्यातच सुटतो. अलीकडे टपरीवालेसुद्धा मोबाईलवरून पैसे देतात. तीच रोजची नोंद उलाढालीचा पुरावा म्हणून धरता येईल. आणि हप्ता रोजचा असावा. पाव रोज विकला जातो, मग महिनाअखेरची वाट कशाला पाहायची?

एकेका बेकरीला जे झेपत नाही ते चार बेकऱ्यांना मिळून झेपेल. मैदा एकत्र घेतला तर भाव उतरतो. एकच मोठा ओव्हन पाळीपाळीने वापरता येईल, आणि दुपारी तो रिकामा असतो तेव्हा मोहल्ल्यातील बायकांना नानखटाई, बटर, खारी भाजून घेता येईल. ईदच्या आधी घरचे पीठ बेकरीत नेऊन भाजून आणण्याची रीत आपल्याकडे आहेच, तीच वर्षभर चालवायची. याच मुंबईत १९५९ साली गिरगावच्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभे राहिले. त्यांनी कोणाकडे मदत मागितली नाही, उसने मागितले, आणि हिशेब चोख ठेवला.

हे लिहिताना भीतीही वाटते, ती लपवत नाही. पतसंस्था बुडतात त्या गरिबाच्या कर्जाने नव्हे, संचालकांच्या भाच्या-पुतण्यांच्या कर्जाने. म्हणून सुरुवात तीन-चार बेकऱ्यांपासूनच व्हावी, त्यांत संचालकांच्या नात्यातली एकही नसावी, आणि कोणाला किती दिले व किती फिटले याची यादी दर महिन्याला संस्थेच्या फळ्यावर लागावी. ज्या पतसंस्थांची वार्षिक सभा जवळ आली आहे, त्यांच्या सभासदांनी हा विषय लेखी कळवून विषयपत्रिकेवर आणावा. तोंडी मांडलेला विषय चहाबरोबर संपतो, असा आमचा अनुभव आहे.