डाग पुसला कोणी?

मालवणजवळच्या एका गावात न्याहारी-निवास चालवणाऱ्या बायकांची बैठक होती. एका पाहुण्याने जाताना वहीत इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता: ‘स्पॉटलेस’. घरच्या मुलीने शब्दकोशातून अर्थ वाचला: डाग नसलेलं, अगदी स्वच्छ. घरमालकीण खूश झाली. तिची सासू मात्र म्हणाली, “खोली दिसता गो, खोली पुसणारी खंय दिसता?”

तेव्हापासून तो शब्द मनात घोळतो आहे. ‘स्पॉट’ म्हणजे डाग, ‘लेस’ म्हणजे नसलेला. त्याचा भाऊबंद ‘इमॅक्युलेट’. त्यातला लॅटिन ‘मॅक्युला’ म्हणजेही डागच. आपला ‘निष्कलंक’ त्याच घडणीचा. हे शब्द डाग नाही एवढंच सांगतात. तो कोणी पुसला हे सांगत नाहीत.

हाच शब्द चादरीला लावला की कौतुक होतं, माणसाला लावला की चारित्र्य. पुढारी निष्कलंक म्हणजे त्याने पैसे खाल्ले नाहीत. आणि बाई निष्कलंक म्हणजे? तिथे हिशेब तिच्या शरीराचा मागतात. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की लोक त्यांच्यावर शेण-चिखल फेकत. लुगडं त्यांना बदलावं लागे, फेकणाऱ्यांचे हात स्वच्छच मानले जात. पाळीचा डागही आपण आजवर लपवतच आलो.

२०१६ साली ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांमध्ये आपला सिंधुदुर्ग देशात पहिला आला. अभिमान वाटलाच. पण त्या लख्खपणामागे झाडू कोणाच्या हातात होता? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. जे पुरुष ते करतात, ते ८८ मिनिटं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. हा शब्द खोलीला, भांड्याला, अंगणाला खुशाल वापरू या. बाईला मोजायला नको. आणि वापरताना कर्ता गाळायचा नाही. ‘घर स्वच्छ आहे’ इथे न थांबता ‘घर हिने स्वच्छ केलं’ असं म्हणू या.

त्या बायकांनी आता खोलीचे दर ठरवताना झाडण्या-पुसण्याचे आणि चादरी धुण्याचे तास वेगळे लिहायचं ठरवलं आहे. सासूबाईंचे तासही त्यात धरले आहेत.