जाम झालेलं झाकण

मंडळी, आमच्या आंजीकडे ठिबकच्या पाइपाच्या टोकाचं झाकण जाम झालं की पहिला हात हातोडीकडे जातो! झाकणाचा काय दोष? विहिरीच्या जड पाण्यातले क्षार आणि गाळ आट्यांत साचतात. आधी मोटार बंद करून पाइपातला दाब उतरू द्यावा. आट्यांवर किराण्यातलं व्हिनेगर सोडून तासभर थांबावं, क्षार सुटतात. मग झाकण किंचित आवळून उलटं फिरवावं. ठोकलं तर प्लास्टिकचे आटेच तुटतात. पाइप धुतला नाही, तर ऐन बोंडं भरताना ओळीच्या टोकाची पऱ्हाटी तहानलेली राहते. अनुदान मिळतं ते संच बसवायला, धुणं आपल्यालाच करावं लागतं. पंधरवड्याला उघडलेलं झाकण सहसा अडत नाही, एवढंच माझं म्हणणं. असो. तुमचा काय अनुभव?